क्षमस्व पेंटर

त्याला सगळे 'क्षमस्व पेंटर' म्हणत. रस्ता खणला, गटार फुटलं, नळ बंद पडले की खात्याचा साहेब यालाच बोलावी आणि हा पत्र्यावर तांबड्या रंगात ठोकून देई, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. खड्डे सहा-सहा महिने आ वासून तसेच. पाटीचा रंग उडाला की साहेब खड्डा बुजवत नसे, पाटी पुन्हा रंगवून घेई. पेंटरचं डोकं फिरायचं. "अहो, बुजवा की एकदाचा! क्षमा मागून मागून माझा हात दुखायला लागला!" असं म्हणायचा आणि मुकाट्यानं रंगवायला बसायचा.

अशा माणसानं सख्ख्या बहिणीच्या बाबतीत काय करावं? ताईनं शिवणकामाचं दुकान काढलं. दुकान उद्या उघडायचं आणि हा नवा पत्रा आणायलाच विसरला. मग यानं खात्याची एक जुनी पाटी उचलली आणि न घासता, न प्रायमर लावता तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात फिरवले. वर निळ्या अक्षरांत दुकानाचं नाव. महिनाभर ऊन खाल्ल्यावर खालचं तांबडं 'क्षमस्व' हळूहळू वर आलं.

"माप चुकणार म्हणून आधीच माफी मागून ठेवलीय का, बाई?" गिऱ्हाईकं हसायला लागली. दोघीतिघी तर कापड घेऊन दारातूनच परत गेल्या.

ताईनं बोलणं टाकलं. आई गेल्यापासून तो रोज दुपारी तिच्याकडेच जेवायचा, तेही बंद झालं. जेवणाचं एक वेळ जाऊ दे, पण तिची बोलणी खाल्ल्याशिवाय त्याला दिवस गेल्यासारखा वाटेना. चारदा गेला, चारदा "ताई, माफ कर" म्हणाला. ती मशीन चालवत राहिली. पाचव्यांदा मात्र तो भडकलाच.

"माणसानं म्हणायचं तरी किती वेळा? आता काय नाक घासू?"

मशीन थांबलं. "नाक नको, पाटी घास! तू आणि तुझा साहेब, एकाच माळेचे मणी. खड्डा तसाच ठेवायचा आणि वर पाटी लावायची!"

तो तणतणत बाहेर आला, शिडी लावली, पाटी उतरवली आणि तिच्याच दारात काचपेपर घेऊन बसला. सगळं निघालं, पण 'क्ष' काही केल्या निघेना. हजारदा लिहिलेला शब्द, घासायची पाळी मात्र पहिल्यांदाच आली होती. बोटं सोलवटली, तेव्हा कुठे पत्रा उघडा पडला.

मग प्रायमर, मग रंग, मग अक्षरं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटी वर चढली.

"आता तरी केलंस ना माफ?" त्यानं शिडीवरूनच विचारलं.

ताईनं कपाळावर हात धरून पाटी नीट न्याहाळली. "महिनाभर ऊन लागू दे, मग सांगते."

त्यानं कपाळाला हात लावला. आत वळलेली ताई तेवढ्यात पुन्हा दारात आली नि खेकसली, "आता तिथेच मुक्काम करणार आहेस का? हात धू. जेवण निवतंय."