येतो म्हणून गेलेला

सोजराबाईंना भास होत होते म्हणणाऱ्यांनी त्या गेस्ट हाउसात एक सकाळ काढून दाखवावी, मग बोलावं. चिंचवडच्या एका कंपनीचं ते गेस्ट हाउस. चहापाणी, झाडलोट सगळं बाईंकडे. चौऱ्याहत्तर साली परदेशी मशीन बसवायला योनास नावाचा फिटर आला आणि उन्हाळाभर राहिला. सगळे त्याला रशियन म्हणत. तो चिडून सांगे, लिथुआनिया.

सकाळी चहा नेला की म्हणे, “लाबास रीतास.” बाईही तसंच म्हणायला शिकल्या. संध्याकाळच्या “लाबास वाकारास”ला मात्र त्यांची जीभ अडखळायची आणि दोघंही पोट धरून हसायची. नवरा वारल्यापासून बाईंना आपणहून रामराम घालणारा हा पहिलाच माणूस. त्यांना त्याचा फार लळा लागला.

निघताना बॅग उचलून तो काहीतरी नवंच बोलला. निरोपाचा शब्द आहे हे बाईंनी ओळखलं, आणि तो काही जिभेवर घेतला नाही. उंबऱ्यात त्याला अडवून म्हणाल्या, “जातो म्हनू न्हाई, बाबा. येतो म्हन.” त्याच्याकडून तसं वदवून घेतलं, तेव्हाच वाट सोडली.

दिवाळीनंतर मॅनेजर मधुसूदन साहेबांनी सांगितलं, योनास त्याच्या गावी हार्ट अटॅकनं गेला. दुसऱ्या सकाळी बाई त्याची बंद खोली झाडायला गेल्या, तर आतून आवाज आला, “लाबास रीतास.” दार उघडलं. आत कोणी नव्हतं, पण उशीला डोक्याचा खळगा पडला होता.

मग रोज तेच. बाईंच्या अंगावर काटा यायचा, पण त्याहून जास्त जीव तुटायचा. बिचाऱ्याला आपल्या मातीत निजायचं असेल, आणि आपणच येतो म्हणायला लावून त्याला इथं अडकवलं! सोडवायचं तर तो निरोपाचा शब्द हवा, आणि तो तर त्यांनी शिकायलाच नकार दिला होता.

शेवटी एका सकाळी त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आजवर दारातून निघालेल्या कुणाला जे म्हटलं नव्हतं, ते म्हणाल्या.

“जा, बाबा. आता परत येऊ नगंस.”

मग अगदी कानाशी आवाज आला, “सुदिये.” हाच तो शब्द. बाईंनीही तो कसाबसा म्हटला.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्या सवयीनं त्याच दाराशी गेल्या. “लाबास रीतास,” म्हणाल्या आणि थांबल्या. दार लोटून पाहिलं, तर उशी सपाट होती. मग मात्र बाई ओक्साबोक्शी रडल्या.