हूटर वाजला की कुठं जायचं

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, उपग्रहाचे फोटो बघून गारा कधी पडतील ते कॉम्प्युटरला शिकवते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग उद्या पाऊस आहे का?" उद्याचं मला विचारू नका. मी फक्त पुढच्या तासाभराचं बोलते, आणि तेही चाकणच्या एका मैदानापुरतं.

हे मैदान म्हणजे गाड्यांचं यार्ड. कारखान्यातून निघालेल्या नव्याकोऱ्या मोटारी ट्रेलरवर चढेपर्यंत तिथे उघड्यावर उभ्या असतात. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वळीव येतो, कधी कधी गारा घेऊन. जरा मोठ्या गारा आल्या की टपांना पोचे पडतात आणि नवी गाडी नवी म्हणून विकता येत नाही. म्हणून त्या यार्डाने माण गावातल्या आमच्या छोट्याशा कंपनीला काम दिलं होतं. गारा येण्याआधी सांगायचं, एवढंच.

ढग जितका वर चढतो तितका त्याचा माथा थंड होतो, आणि उपग्रहाला वरून दिसतो तो माथाच. एकामागून एक येणाऱ्या फोटोंत एखादा माथा झपाट्याने थंड होत चालला की आत काहीतरी शिजतंय असं समजायचं. त्यातला कुठला ढग गारा टाकेल आणि कुठला नुसता गुरगुरून जाईल, हे आमचं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम, जुन्या वादळांवरून शिकतं. आता जुन्या वादळात नेमक्या गारा कुठे पडल्या हे त्याला कोण सांगणार? तर यार्डाच्या नोंदी. कुठल्या दिवशी कुठल्या रांगेतल्या गाड्यांना पोचे पडले, हे तिथे वर्षानुवर्षं चोख लिहिलेलं होतं. मॉडेल त्या पोच्यांवर शिकलं आणि चांगलं शिकलं. मी खूश होते.

त्याच यार्डात माझी वहिनी ड्रायव्हर आहे, कंत्राटावर. थोरल्या भावाची ही बायको. तिचं माहेर चाकणजवळच्याच गावात, आणि लग्नाआधी ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची. रावेतच्या आमच्या सोसायटीत भाऊ गाडी लावताना तीनदा पुढे-मागे करतो, तेव्हा ती हाताची घडी घालून उभी राहते आणि एक अक्षर बोलत नाही. त्या न बोलण्यानेच भाऊ घामाघूम होतो.

मॉडेल सुरू झाल्यावर पहिल्यांदा खऱ्या गारांचा इशारा गेला, त्या दिवशी मी माणच्या ऑफिसात जागेवरच उडी मारली. आमचा इशारा गेला की यार्डात हूटर वाजायचा आणि ड्रायव्हरांच्या मोबाइलवर मेसेज पडायचा. संध्याकाळी वहिनी घरी आली ती डोक्यापासून पायापर्यंत चिखल. मी दारातच विचारलं, "काय वहिनी, वेळेवर सांगितलं ना आज?"

"लई वेळेवर!" ती म्हणाली. "हूटर वाजला अन् सगळ्यांला भायेर काढलं."

"बाहेर? आत ना?"

"आत कशाला? गाड्या कोण हलवनार, तुमी? भारीतल्या गाड्या आधी शेडात घालायच्या. एक लावली की पळत जाऊन दुसरी. वर कडाडतंय, आन् आमी पळतोय मैदानात. माझ्या म्होरं एक पोरगी घसरून पडली, ती उठंनाच. मला वाटलं, गेली. घाबरली व्हती नुसती."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि ती पाय धुवायला निघून गेली, जसं काही हे रोजचंच.

मी इतके महिने मानून चालले होते की वादळाचा इशारा म्हणजे माणसांना आत बोलवायचा इशारा. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातही आलं नव्हतं. माणमध्ये एसीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि त्या शेळ्यांत माझी वहिनी होती. जितका माझा अंदाज लवकर आणि पक्का, तितकी जास्त माणसं विजेखाली. नोंदी सगळ्या गाड्यांच्या होत्या. कुणाला वीज चाटून गेली, कोण घसरून पडलं, याची एक ओळसुद्धा कुणी लिहिली नव्हती.

यार्डाच्या मॅनेजरसाहेबांबरोबर मीटिंग मागून घेतली. गृहस्थ वाईट नव्हते, चहा-बिस्किटं मागवली. म्हणाले, "मॅडम, गाडीत बसलेल्या माणसाला वीज काही करत नाही. फिजिक्स आहे."

"खरं आहे," मी म्हटलं. "पण गाडी शेडमध्ये लावल्यावर तो पुढच्या गाडीकडे कसा जातो? उडत?"

साहेब हसले. माझे सर, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, शेजारी बसले होते. त्यांनी टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावला. साहेब म्हणाले, "माणसांचं आमचं सेफ्टी डिपार्टमेंट बघतं. तुम्ही गारांचं बघा."

विजेच्या नोंदी आमच्याकडे जमिनीवरच्या यंत्रांकडून येतच होत्या. कुणी मागत नव्हतं म्हणून आम्ही त्या वापरत नव्हतो. बहुतेक वेळा अशा ढगात गारांच्या आधी विजा सुरू होतात, तेव्हा हेही आधी सांगणं काही अवघड नव्हतं. परतताना गाडीत मी सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ, गिऱ्हाइकाने जेवढं मागितलं तेवढंच द्यायचं. उद्या तू त्यांच्या कॅन्टीनचा मेनूही ठरवशील."

मी ठरवला नाही. पण पुढच्याच आठवड्यात मेसेज बदलला. आधी तो यार्डाने लिहून दिलेला होता, मी कधी नीट वाचलाही नव्हता, "गारांची शक्यता. गाड्या हलवा." ढगात विजा जवळ असतील तर आता त्याखाली आणखी एक ओळ जाऊ लागली, "विजा जवळ आहेत. पक्क्या इमारतीत या, गाड्या राहू द्या." कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला? बाबा पिंपरीच्या कारखान्यात होते आणि लहानपणी मला खांद्यावर बसवून युनियनच्या गेट मीटिंगला न्यायचे. थोडं रक्तातच आहे म्हणा.

मे महिन्यात एका दुपारी तळेगावच्या बाजूने एक ढग उठला. फोटोगणिक त्याचा माथा थंड होत गेला. इशारा गेला, ओळीसकट. पुढचं मला वहिनीने सांगितलं. हूटर वाजला तशी माणसं सवयीने बाहेर निघाली. हिने दारात उभं राहून मोठ्यानं मेसेज वाचला, एकदा मराठीत, आणि बिहारकडची पोरं होती त्यांच्यासाठी हिंदीत. मग किल्ल्या खिशात टाकून कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. तिच्या मागून बायका गेल्या, मग पुरुष. सुपरवायझर म्हणाला, सगळ्यांना घरी बसवीन. ही म्हणाली, "आमी बसलोयच की."

त्या दिवशी विजा पडल्या आणि गाराही पडल्या, चांगल्या लिंबाएवढ्या. उघड्यावरच्या रांगांतली एकही गाडी वाचली नाही. माणूस एकही भिजला नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. या वेळी बिस्किटं नव्हती. साहेबांनी खिडकीतून मैदान दाखवलं. उन्हात सगळे टप देवीचे वण असलेल्या चेहऱ्यासारखे दिसत होते. "ही ओळ कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"मी घातली."

"कुणाच्या परवानगीने?"

"साहेब, पोचा ठोकून निघतो," मी म्हटलं. "एवढ्या गाड्या तुम्ही मला दाखवल्या. मैदानात एक जरी माणूस पडलं असतं, तर ते कुठल्या खिडकीतून दाखवलं असतं?"

माझा आवाज चढला होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

मला त्या कामावरून काढलं. ओळही काढली. सरांनी माझी नोकरी तेवढी वाचवली, हे त्यांचे उपकार मी मानते, आणि ओळ निघताना मूग गिळून बसले हेही लक्षात ठेवते. वहिनीला काही दिवस ड्यूटी दिली नाही. मग परत बोलावलं, कारण नव्या गाड्या येतच होत्या आणि तिच्यासारखं गाडी लावणारं दुसरं कुणी त्यांना मिळेना. बाबांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "एकदाच काढलं? मला दोनदा काढलं होतं." एवढंच बोलून त्यांनी परत पेपर उघडला.

त्यानंतर मॉडेल दुसऱ्याच्या हातात गेलं. मला पुराच्या नकाशांवर बसवलं. पण मॉडेलचा स्क्रीन तर समोरच्या टेबलावरच होता. महिना संपायच्या आत पुन्हा तसाच ढग उठला. समोरच्याने इशारा पाठवलेला मी पाहिला. "गारांची शक्यता. गाड्या हलवा." बस, तेवढाच. खाली माझी ओळ नव्हती. विजेच्या नोंदी मात्र कुणी बंद केल्या नव्हत्या. नकाशावर यार्डाच्या अगदी कडेला ठिपके पडू लागले होते.

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन वहिनीला फोन लावला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मागून प्रचंड गलका येत होता, आणि त्यातून सुपरवायझरचा आवाज चढलेला ऐकू येत होता, "मेसेज वाचता येतो ना? हलवा म्हणून लिहिलंय! आत या असं कुठं लिहिलंय?"

"वहिनी, बाहेर पडू नकोस!" मी ओरडले. "मेसेजात नाहीये, पण विजा आल्यात, एकदम जवळ, सगळ्यांना सांग..."

"ताई, जरा दमानं," ती म्हणाली. तिच्या हातात बहुतेक चहा होता, मधेच तिने घोट घेतला. "आमी कवाच कॅन्टीनात हाय. हूटर वाजला न्हवं का?"