अण्णाबंदी

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल! माझ्यासारखा शहाणा राखणदार तुम्ही जन्मात पाहिला नसेल.

आमचा एक गेम सर्व्हर आहे. इंटरनेटवरचं आमचं गाड्यांच्या शर्यतीचं मैदानच म्हणा ना. पोरंटोरं नाहीत हो, उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिफ्ट करून आलेले बाप्ये खेळतात! बेळगावच्या अनगोळातून मी तो सांभाळतो आणि निपाणीतून सुनीता. तिला सगळे आक्का म्हणतात, मला अण्णा.

मागच्या रविवारी कुणीतरी हल्ला केला. खोटे खेळाडू लोंढ्यानं आत घुसवले, सर्व्हर जागच्या जागी आडवा! लोक जाम वैतागले. या रविवारी बेळगाव विरुद्ध निपाणी फायनल. आजही बंद पडला तर मंडळी दुसरा सर्व्हर धरणार, आमचं मैदान ओस पडणार. सांगा, मी डोळ्यांत तेल घालून बसायचं नाही तर कुणी?

शर्यत सुरू व्हायच्या जरा आधी, झालं सुरू! मच्छे अण्णा आला. डेंजर अण्णा आला. बुलेट अण्णा, अण्णा बॉस, नुसताच अण्णा, अण्णांचा अण्णा...

"आक्का, आले गं! हल्ला!" मी फोनवर ओरडलो.

"थांब की रं जरा. माणसं असतील, विचार तरी!"

"विचारायला वेळ न्हाय! एवढं अण्णा एकदम कुठं असत्यात व्हय?"

घरटी एक अण्णा असलेल्या बेळगावात बसून हे विचारतोय मी!

दणकन नियम टाकला: नावात 'अण्णा' दिसला की बाहेर. हाकललेल्याच्या स्क्रीनवर दिसावा म्हणून निरोपही लिहिला, 'अण्णा, घरला जावा.' एंटर! मैदान साफ! छाती अशी फुगली म्हणता!

तेवढ्यात मच्छेहून मावसभावाचा फोन. "अण्णा, साखरपुड्यात तूच बोलावलंतास की समद्यास्नी मॅच बघायला! आत्ता आलतो तर हाकललास व्हय?"

तो ठेवतोय तोवर आमच्या टीमचा कप्तान. "अण्णा, आपली आख्खी टीम भायेर हाय रं!"

असणारच! आमच्यात बिनअण्णाचा एक खेळाडू नव्हता. आणि निपाणीवाले? सगळे आप्पा! त्यांच्या केसालाही धक्का नाही. आक्का पडली निपाणीची, तिनं वेळेवर शर्यत सुरू केली. आप्पा एकटेच पळाले आणि जिंकले. मागच्या रविवारच्या त्या हल्लेखोरानं निदान दोन्ही टीमना सारखंच बाहेर काढलं होतं!

नियम काढायला मी आत शिरायला गेलो, तर शिरताच येईना. माझं नाव काय? अण्णा!

"आक्का, मला आत घे गं!"

"कोण बोलतंय?"

"अगं, अण्णा!"

"असलं लई येऊन गेलं आज," म्हणाली आणि फोन ठेवला.

समोर स्क्रीनवर माझाच निरोप: 'अण्णा, घरला जावा.'

अहो, जाऊ कुठं? घरातच बसलो होतो मी!