पोटरी मोजा

दोंडाईच्याच्या बाजारपेठेत मगन टेलरचं दुकान चाळीस वर्षांपासून आहे. लग्नाचा सफारी, शाळेचा गणवेश, पोलिसाची खाकी, सगळं त्याच्या हातून गेलेलं. माणूस दारात उभा राहिला की मगनच्या डोळ्यांनी त्याची छाती, कंबर आणि उंची घेऊन टाकलेली असायची. टेप तो नंतर लावायचा, केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बोलायला तो लाजरा होता, पण मापाच्या बाबतीत त्याला कोणी दुरुस्त केलं नव्हतं.

त्याची मुलगी दिपमाला सव्वीस वर्षांची. वनरक्षकाच्या भरतीसाठी तिनं दोन वर्षं गावाबाहेरच्या रस्त्यावर धूळ खाल्ली होती. लेखी निघाली. धुळ्याला तीन किलोमीटरची धावही निघाली. आता फक्त चालणं राहिलं होतं, चार तासांत सोळा किलोमीटर, बारा दिवसांनी. वयाच्या हिशेबानं ही तिची शेवटची भरती होती.

धाव संपल्यावर मात्र तिच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. धुळ्यातच एसटी स्टँडजवळ रूपाली मॅडमचं फिजिओचं क्लिनिक होतं. बाप तिला तिथं घेऊन गेला. भरतीला आलेल्या पोरापोरींनी बाहेरची बाकं भरली होती. मॅडमनी पाय दाबून पाहिले.

"आखडलेत. बर्फ लाव, पाणी भरपूर पी. दाब देणारे मोजे मिळतात, व्यायामानंतर घातले की बऱ्याच जणांना आराम पडतो. ते आपण ठरवू."

तेवढ्यात पुढचा मुलगा लंगडत आत आला. मॅडमनी घाईघाईनं एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या आणि मगनच्या हातात दिल्या.

बसमध्ये मगननं चिठ्ठी वाचली.

'पोटरी मोजा. सकाळी, पलंगावरून उतरण्याआधी. दोन्ही पाय. जास्त आवळू नका. दोन दिवसांनी फोन करा.'

त्याला सगळं स्वच्छ कळलं. पोटरीचा मोजा. सकाळी उठण्याआधी घालायचा, दोन्ही पायांत. शिंप्याच्या दुकानात कोणी 'छाती मोजा' म्हणत नाही, 'छातीचं माप घ्या' म्हणतात. चाळीस वर्षांत त्याच्या कानानं 'मोजा' हा शब्द अंगाच्या बाबतीत ऐकलाच नव्हता. मोजा म्हणजे पायात घालायचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो जळगावला गेला. बटणं आणि चेन आणायला तो तिथं नेहमी जायचा, त्यामुळे खेळाच्या सामानाचं दुकान त्याला माहीत होतं. दुकानदारानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक नुसतीच बाही, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पाऊल उघडं. दुसरा पावलासकट गुडघ्यापर्यंतचा मोजा. तिसरी कमरेपर्यंतची घट्ट विजार.

"पोटरीसाठी पाहिजे ना नाना? मग विजार कशाला. पावलासकटचा न्या, घोट्याकडे घट्ट आणि वर ढिला होत जातो. पोटरीचा घेर किती?"

"तेरा इंच."

"मोजून आणलाय?"

"मी टेलर आहे भाऊ."

"म्हणून तर विचारतो!" दुकानदार हसला. "तुम्ही लोक अंगापेक्षा सैल शिवता. इथं उलटं आहे, अंगापेक्षा कमी. चूक झाली तर उसवून देता येत नाही." त्यानं पाकिटावरचा तक्ता दाखवला. अकरा ते तेरा लहान, तेरा ते पंधरा मध्यम. "तुमचं तेरा बरोबर काठावर बसतं. मोठा न्या."

मगननं डोळे मिटले. दिवाळीला शिवलेली दिपमालाची चुडीदार त्याला दिसली. तेराच. घट्ट असेल तर दाब जास्त, दाब जास्त तर आराम जास्त, असं त्याच्या मनानं घेतलं.

"लहान द्या."

परतीच्या गाडीत नरडाणा स्टेशन गेल्यावर त्यानं पाकीट फोडलं. मोजा अंगठ्यांवर ताणून पाहिला. वीण चांगली होती. तरी पाकिटावरचा तक्ता त्यानं पुन्हा एकदा वाचला. त्यानं पाकीट बंद केलं.

सकाळी पलंगावर बसूनच मोजे चढवले. उजवा कसाबसा गेला. डाव्यासाठी पावडर लावावी लागली, आणि बाप-लेक दोघंही घामाघूम झाली. मगनची बायको बेबाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"बठ्ठा गावनं माप लेतस," ती म्हणाली, "अन् पोरनं माप डोयावरी!"

"तुले काय समजस त्यामा," मगन म्हणाला, पण आवाज बारीक होता. साऱ्या गावाला टेप लावणाऱ्यानं पोरीचं माप नुसतं डोळ्यांच्या भरवशावर धरलं होतं.

पहिला दिवस बरा गेला. दिपमाला सकाळी आठ किलोमीटर चालून आली, दिवसभर मोजे घालूनच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली. डावा पाय झटकू लागली. मगननं मशीन थांबवलं.

"काय व्हयनं, बेटा?"

"काही नही, आबा. डावा पायले मुंग्या येतीस."

"मोजा काढ."

"मॅडमनी सांगेल शे ना?"

त्यानं स्वतः खाली बसून मोजा पाहिला. गुडघ्याखाली त्याचा काठ गुंडाळला जाऊन दोरीसारखा झाला होता. काढला तेव्हा कातडीवर खोल लाल वळ निघाला. पावलाची बोटं गार होती. पोटरी चकचकीत दिसत होती. मगनच्या हातांना नुसत्या स्पर्शानंच कळलं की हा पाय तेराचा नाही. त्यानं फोन लावला.

"मॅडम, मी दोंडाईच्याहून मगन टेलर. दिपमालाचा बाप."

"हां काका, बोला. मोजली का पोटरी?"

"हो मॅडम. दोन दिवसांपासून मोजा घातलाय."

"घातला?" मॅडम चमकल्या. "काय घातलं?"

"पोटरीचा मोजा. तुम्ही लिहिलं होतं ना, पोटरी मोजा."

मग मॅडम हळू म्हणाल्या, "काका, मी मोजायला सांगितलं होतं. टेपनं. दोन्ही पायांचा घेर. त्यावरून मी मोजा ठरवणार होते."

मगनचा चेहरा उतरला. गळ्यात टेप लोंबत होता. चाळीस वर्षं लोंबत होता.

"आता मोजा," मॅडम म्हणाल्या. "मी थांबते."

त्यानं उजवी पोटरी घेतली, सव्वातेरा. डावी घेतली. आकडा पाहून पुन्हा घेतली. टेप जुना होता, जुना टेप ताणला जातो, म्हणून गल्ल्यातून कोरा टेप काढला. आकडा हलला नाही.

"उजवी सव्वातेरा, मॅडम. डावी साडेचौदा."

"चोळू नका," मॅडमचा आवाज बदलला होता. "मोजा पुन्हा घालू नका. तिला चालवू नका. आत्ता निघा, डॉक्टरांना दाखवायला हवं. एकाच पायाला एवढी सूज असेल तर शिरेत रक्ताची गाठ आहे का ते आधी बघावं लागतं. असेलच असं नाही. पण बघावं लागतं."

दिपमालानं सगळं ऐकलं होतं. ती स्टुलावरून उठायला गेली आणि मगन ओरडला, "बठ!" मुलीवर तो आयुष्यात ओरडला नव्हता. ती बसली आणि बापाकडे बघतच राहिली.

धुळ्यापर्यंत शेजाऱ्याच्या गाडीत तिचा पाय बेबाबाईच्या मांडीवर होता. मगन पुढच्या सीटवर बसून टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. लहान माप त्यानंच मागितलं होतं. 'मोठा न्या' हे शब्द त्याच्या कानात परत परत येत होते. गाठ निघाली तर भरती गेलीच. आणि भरतीचं तरी काय घेऊन बसायचं?

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तो उभाच राहिला. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही, त्यानं त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "धावताना स्नायू थोडा फाटलाय, आत रक्त साकळलंय. त्यावर चुकीच्या मापाचा मोजा. आठवडाभर पाय वर ठेवून आराम."

"चालण्याची परीक्षा शे, डॉक्टर साहेब," दिपमाला घाईत घरचंच बोलली. "नऊ दिवसांनी."

"रोज सकाळी घेर मोजायचा. परीक्षेच्या सकाळी दोन पायांत अर्धा इंच किंवा त्याहून कमी फरक असेल आणि दुखत नसेल, तर चाल. जास्त असेल तर नाही. कोण मोजणार?"

"मी," मगन म्हणाला.

त्यानंतर रोज पहाटे तो तिच्या पलंगापाशी बसायचा. घोट्यापासून जेवढं वर मोजायचं तिथं पेनानं खूण केली होती, म्हणजे रोज एकाच जागी टेप बसेल. दोन पायांतला फरक सव्वा इंच. एक. एक. पाऊण. सातव्या दिवशीही पाऊण. दिपमालाला घास जाईना. मॅडमनी फोनवर आकडे विचारून मध्यम मापाची, पावलाशिवायची बाही सांगितली. ती आणून पाकिटात तशीच ठेवली होती. सूज उतरेपर्यंत घालायची नव्हती.

परीक्षेच्या सकाळी ते धुळ्यात नातेवाइकांकडे होते. मगननं टेप लावला. उजवी सव्वातेरा. डावीवर टेप फिरवला तेव्हा दिपमालानं त्याचा हात धरला.

"आबा. अर्धाच सांगज्यो."

मगननं तिच्याकडे पाहिलं. टेप जरा ओढला तर अर्धा येईल. अंगाला टेप किती ओढायचा हे त्याच्याएवढं त्या घरात कोणालाच कळत नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं.

त्यानं तिचा हात बाजूला केला. टेप सोडला, पुन्हा लावला, नुसता टेकवला.

"पावणेचौदा," तो म्हणाला. मग आणखी एकदा मोजून म्हणाला, "पावणेचौदाच शे. अर्धा. मी वढेल नही."

ती रडली आणि बूट घालायला लागली.

रस्त्याच्या कडेला मगन तीन तास बावन्न मिनिटं उभा होता. घोळक्यातून दिपमाला शेवटच्या काही मुलींमध्ये आली. लंगडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. तिनं रेषा ओलांडली तेव्हा आठ मिनिटं शिल्लक होती. साहेबांनी तिच्या छातीवरचा नंबर वहीत लिहून घेतला.

झाडाखाली ती पाय पसरून बसली. बेबाबाईनं पिशवीतून नवी बाही काढली.

"थांब," मगन म्हणाला आणि गुडघे टेकून खाली बसला. "आधी पोटरी मोजूत."

दिपमाला दमलेलीच हसली. "कोणता मोजा, आबा? घालाना का माप लेवाना?"

"माप लेवाना," तो म्हणाला आणि टेप उलगडला.