नलूकाकूंची पुराची रंगीत तालीम

नलूकाकू गेल्या. आज सकाळी, हॉस्पिटलमध्ये, उपम्यात मीठ नाही अशी तक्रार करून झाल्यावर.

त्यांच्या मुलीनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी आणि माझा तेव्हाचा रूममेट, दोघंही आधी हसलो. मग रडलो.

मी अकोल्याचा. आयटीतला पहिला जॉब लागला आणि पुण्यात नारायण पेठेत, नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर भाड्यानं राहायला आलो. वरच्या मजल्यावर काकू. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या.

पहिल्याच भेटीत विचारलं, "पोहता येतं का?"

"नाही."

"मग खोली स्वस्त का मिळाली, ते मालकांना विचारलंत का?"

धरण भरलं की पाणी सोडायचे. ते आमच्या पार्किंगमध्ये शिरलं की आम्हाला कळायचं.

काकूंचं म्हणणं साधं होतं. पाणी सोडा, पण आधी सांगा. तो आमचा हक्क आहे.

एकदा हाफ डे टाकून मी त्यांच्याबरोबर सरकारी ऑफिसात गेलो. साहेब सौम्य होते.

"मॅडम, आम्ही प्रेसनोट देतो ना. पेपरला येतं."

"पेपर दुसऱ्या दिवशी येतो. पाणी त्याच दिवशी येतं."

साहेबांनी चहा मागवला.

"मग काय करावं म्हणता?"

"स्पीकर लावलेली गाडी फिरवा. नुसतं 'सतर्क राहा' नको. पाणी कधीपर्यंत पोचेल ते सांगा."

"बघतो," साहेब म्हणाले.

मग काकू दर सोमवारी जाऊ लागल्या. बघितलं का, ते विचारायला.

पण साहेबांवर विसंबून बसणाऱ्या त्या नव्हत्या. ऐन मे महिन्यात जिन्याखाली पाटी लागली: 'पूर आल्यावर धावाधाव करण्याची हौस नसलेल्यांनी रविवारी सकाळी जमावे.'

माझा रूममेट अमरावतीचा. पाटी वाचून म्हणाला, "काऊन बे, उन्हाळ्यात पूर?"

तरी गेलो.

कुणी मेन स्विच बंद करायचा, कुणी गाड्या वरच्या रस्त्याला न्यायच्या, सगळं वाटून दिलेलं. तळमजल्यावरच्या जोशीकाकांना अर्धांगवायू होता. त्यांना खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर नेणं आमच्याकडे.

उचललेल्या खुर्चीतून जोशीकाका हात हलवत होते. "लग्नातसुद्धा माझी एवढी मिरवणूक निघाली नव्हती."

तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "आमचा काय संबंध? आमच्याकडे पाणी येत नाही."

"पाणी येत नाही, पण आम्ही येणार आहोत. पोहे भिजवायची तयारी ठेवा."

खूप हसलो त्या दिवशी.

त्याच पावसाळ्यात, एका दुपारी काकूंचा फोन वाजला. साहेब होते.

"मॅडम, गाडी अजून मंजूर नाही झाली. पण पाणी सोडतोय. तासा-दोन तासांत तुमच्याकडे पोचेल."

या वेळी कुणी हसलं नाही. जोशीकाकांची खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. खाली गेटमधून गढूळ पाणी आत येत होतं.

खुर्ची सुटली. आम्ही वर पोचलो.

माझ्या खोलीत खिडकीपर्यंत पाणी चढलं. पण सगळी सोसायटी तिसऱ्या मजल्यावर, कोरडी, पोहे खात.

काकू मात्र गॅलरीतून हलल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीत लोक छातीभर पाण्यातून एका आजींना उचलून आणत होते.

"त्यांना कुणी फोन केला नाही," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी त्या पलीकडच्या गल्लीला बरोबर घेऊन ऑफिसात गेल्या. मीही होतो. साहेबांना वाटलं, आभार मानायला आल्यात.

काकू म्हणाल्या, "तुम्ही मला फोन केलात, ते उपकार झाले. चांगले आहात तुम्ही. पण मला उपकार नकोत. गाडी हवी. सगळ्यांसाठी."

साहेबांनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. या वेळी 'बघतो' म्हणाले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात पाण्याच्या आधी गाडी आली. पुढच्या सीटवर माइक धरून खुद्द साहेब. किती पाणी सोडणार, कधी पोचेल, सगळं सांगत होते. दोन्ही गल्ल्या रस्त्यावर आल्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

काकू गॅलरीतून म्हणाल्या, "टाळ्या कशाला? त्यांचं कामच आहे ते. गाड्या हलवा आधी."

आम्ही गाड्या हलवल्या.

काकू, तुम्हाला शेवटचा नमस्कार. खूप आठवण येईल.