लोटननानांचा नेपाळ दौरा

धरणगावात कंजूष काही कमी नाहीत, पण कंजूष असून पुन्हा बढाईखोर, असा प्राणी लोटननाना एकच. साधा कंजूष निदान गुपचूप तरी असतो. नाना कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाले, तेव्हा निरोपाला मिळालेला नारळ किसून त्याच्याच वड्या त्यांनी निरोप देणाऱ्यांना वाटल्या, आणि 'साऱ्या जिनिंगचं तोंड गोड केलं' असं वर्षभर सांगत फिरले.

त्यांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, हे सगळं चाळीस वर्षं पाहिलं होतं. लग्नात त्यांना गोवा कबूल झाला होता. तो एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीपाशी संपला. पुढे काश्मीरचा बेत निघाला, तोही पद्मालयालाच संपला. गणपती आता त्यांना चेहऱ्यानं ओळखत असावा. त्यामुळे यंदा नानांनी चौकात "सहकुटुंब नेपाळ, आपल्या गाडीनं" असं जाहीर केलं, तेव्हा प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या त्या थापतच राहिल्या. मनात मात्र त्यांनी पशुपतिनाथ धरला. एकदा देशाची वेस ओलांडायची. या माणसासकट, नाहीतर याच्याविना.

'आपली गाडी' म्हणजे व्याह्यांची. सून रत्ना धुळ्याची. तिच्या वडिलांनी सात माणसांची गाडी दिली, पण रत्ना बरोबर असेल तरच, या अटीवर. ते नानांना पुरतं ओळखून होते. चालवणार मुलगा ललित. दशम्या, कळण्याच्या भाकरीचं पीठ, लसणाची चटणी घरचीच. राहिला मुक्कामाचा प्रश्न. नुसतं झोपायला हॉटेलवाल्याला पैसे द्यायचे, ही कल्पनाच नानांना अश्लील वाटे. डोळे मिटल्यावर सगळ्या खोल्या सारख्याच, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

म्हणून नातेवाईक हुडकले. नानांच्या स्वतःच्या भाऊबंदकीत त्यांना दारात उभं करील असं कोणी उरलंच नव्हतं. बांधावरून, आहेरावरून, एकदा तर उसन्या नेलेल्या कुकरवरून त्यांनी सगळ्यांशी तोडून ठेवलेलं. मग प्रमिलाबाईंचं माहेर कामी आलं. भोपाळला कौतिकमामांचा मुलगा, कानपूरला इंदिरामावशीचा जावई, गोरखपूरला धाकट्या बहिणीचा, दिपमालाचा, रेल्वेतला पोरगा. त्यापुढे सोनौलीची सीमा. भारत देश नानांनी खाटेवर बसल्या बसल्या फुकटात पार केला.

आता आपल्याकडची रीत अशी, की परमुलखातल्या पोराकडे उतरायचं तर आधी गावातल्या त्याच्या वडीलधाऱ्यांना सांगून यायचं. नाना सांगायला गेले आणि तिथेच अडकले. इंदिरामावशी सरळ म्हणाली, "मना जवाईना घर उतरशात ना? मंग माले बी लई चला." ज्याच्या घरी फुकट जेवायचं, त्याच्या सासूला बरोबर न्यायला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? कौतिकमामांनी मामींसकट बॅग भरली. दिपमालानं पोरासाठी लोणच्याची बरणी काढून ठेवली. नाना प्रत्येक घरी 'चला की' म्हणाले, चहा प्यायले आणि परतले. गाडीत किती माणसं मावतात, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या गोष्टीवर डोकं खर्च करायची नानांना सवय नव्हती.

प्रमिलाबाईंनी मात्र मनातल्या मनात माणसं बसवून पाहिली होती. मग त्यांनी आपली पिशवी भरली.

इकडे चौकात अभिमन बॅनरवाल्यानं फ्लेक्स लावला. गॉगल घातलेले नाना, मागे बर्फाचा डोंगर, खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छा देणाऱ्यांची नावं छापली होती, आणि फ्लेक्सचा खर्चही नानांनी त्यांच्याकडूनच काढला होता.

निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले, दारं लागली, आणि एक माणूस अंगणात उरलं. गॉगल घातलेलं. ललितला उतरवावं तर गाडी कोण हाकणार; रत्नाला उतरवावं तर गाडीच धुळ्याला परत; पाहुण्यांना उतरवावं तर मुक्काम गेले. नानांची नजर फिरत फिरत बायकोवर येऊन थांबली.

"तू राहा," ते म्हणाले. "म्हशीकडे कोणीतरी पाहिजे. पुढच्या वर्षी तुला खास नेईन."

"पद्मालयाला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मागच्या सीटवर दिपमाला फिसकन हसली. प्रमिलाबाई मांडीवर पिशवी घेऊन खिडकीशी बसल्या होत्या, त्या हलल्या नाहीत. "रस्त्यानं बठ्ठी, एकूण एक, माझ्या माहेरची माणसं. मी नसले तर तुम्हाला पाणी तरी कोण विचारील? तुमचे भाऊ कोणत्या गावाला उतरू देतात ते सांगा, मी लगेच उतरते."

नानांनी कौतिकमामांकडे पाहिलं. मामा काच वर करत होते.

सोनौलीला पोचल्यावर प्रमिलाबाईंनी घरी फोन लावला. शेजारणीकडून बातमी आधीच आली होती: नाना डेअरीवर दूध घालायला मागच्या बोळानं जातात. चौकातून जावं तर स्वतःच्या फोटोखालून जावं लागतं, आणि फ्लेक्स उतरवावा तर त्याचे अभिमन वेगळे पैसे मागतो.

फोनवर नाना म्हणाले, तिकडे थंडी असेल, प्रकृतीला झेपत नसेल तर फिरा मागे. मग म्हणाले, "म्हैस तुझी वाट पाहते."

"तिला सांगा, परदेशात गेली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि इथून पुढे फोन लागत नाही."

ललित अजून गाडीच्या कागदांसाठी रांगेत उभा होता. तोवर थांबायचा धीर त्यांना नव्हता. दिपमालाचा हात धरून त्या सीमेच्या कमानीखालून पायीच पलीकडे गेल्या.