राजय्याकाकांचा डावा हात

आमच्या घरात लिंबू सरबतात पडतं आणि मिरची ठेच्यात. दाराला काही टांगलेलं नाही. या ग्रुपवरचे लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, ते दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून... आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतेही. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याने मला जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण दीड वर्ष झालं तरी डोक्यातून जात नाही. तिखटमीठ न लावता, जसं घडलं तसं लिहिते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. राहायला जुळे सोलापूरला, नोकरी एका रिहॅब सेंटरमध्ये. आमचं काम लोकांना समजावता समजावता माझा जन्म गेला. फिजिओवाले पेशंटला चालतं करतात. आम्ही त्याला आंघोळ, शर्टाची बटणं, जेवण अशी रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवतो. माझ्या सासूबाई शेजारणीला अजून सांगतात, "आमची सून हातापायाचं मालिश करते." असो.

आमच्याकडे परदेशातून विद्यार्थी फील्डवर्कला येतात, आठ-आठ आठवड्यांसाठी. त्या वर्षी डेन्मार्कहून क्लारा आली. बावीस वर्षांची, उंच, सोलापूरच्या उन्हाने दोन दिवसांत लालबुंद झालेली, आणि डावखुरी. पहिल्याच दिवशी मी तिला समोर बसवून नियम सांगितले. पेशंटच्या घरी चप्पल बाहेर काढायची. चहाला नाही म्हणायचं नाही. डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही, आणि जेवायचं तर नाहीच नाही! तिने बिचारीने ते वहीत लिहून घेतलं... डाव्या हातानेच. दुपारी उजव्या हाताने आमटी-भात खाताना निम्मी आमटी तिच्या कोपरापर्यंत ओघळली. आम्ही सगळ्या हसलो. "शिकशील गं बाई," मी म्हटलं.

तिच्या तिसऱ्या आठवड्यात राजय्याकाकांची केस आली.

पूर्व भागातलं तेलुगू विणकरांचं घर. दोनच खोल्या – बाहेरची आणि आत स्वयंपाकघर. आजूबाजूला दिवसभर पॉवरलूमची खडखड. काकांनी उभी हयात चादरी विणण्यात काढलेली. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. बायको दोन वर्षांपूर्वीच वारलेली. घरात एकटी मुलगी, लक्ष्मी. बिड्या वळून घर चालवते.

काकांना गिळायला त्रास नव्हता. तरी ते जेवत नव्हते. लक्ष्मीने घास पुढे केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती... नाहीतर नाकातून नळी.

"मॅडम, मी भरवलेलं नान्नांना चालत न्हाई," लक्ष्मी म्हणाली. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. "लई मानी माणूस हाय. आता नळी घालून जगायचं म्हटल्यावर तो माणूस राहतोय का? तुमीच सांगा की."

मी फॉर्म काढला. त्यात एक रकाना असतो, प्रमुख हात कोणता? लक्ष्मीला विचारलं. "उजवाच की मॅडम, अजून कुठला?" मी टिक केली आणि पुढे गेले. काकांना विचारलं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं, पण मान तर हलवता येत होती... हे मला तेव्हा सुचलं नाही.

परतताना रिक्षात क्लारा म्हणाली, "त्यांचा डावा हात चांगला आहे. त्याने का नाही जेवायचं?"

"ते डोक्यातून काढून टाक," मी म्हटलं. "या वयाच्या माणसाला डाव्या हाताने जेवायला सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे. असल्या गोष्टी पुस्तकात नसतात." मग आम्ही जाड दांड्याचा चमचा करून दिला, तो उजव्या हाताला पट्ट्याने बांधून पाहिला. काकांनी पुढचे दोन्ही दिवस तो निसटू दिला, आणि आठवड्यातले तीन दिवस संपले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही पुन्हा गेलो. लक्ष्मीने आमटी-भात झाकून ठेवला आणि वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात गेली. एवढ्यात सेंटरमधून मला फोन आला. लूमच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर येऊन समोरच्या घराच्या पायरीवर बसले. वीस मिनिटं बोलले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पूर्ण वेळ त्या घराचं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. दुसरं दार नाही. ना कुणी आत गेलं, ना कुणी बाहेर आलं.

आत आले तर बाहेरची खोली रिकामी. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. आत कोपऱ्यात काका पाटावर बसलेले, तोंड भिंतीकडे, पाठीला उशी. शेजारी क्लारा, त्यांच्या खांद्याला आधार देऊन. ताट डाव्या अंगाला, एका उपड्या डब्यावर ठेवलेलं. आणि काका जेवत होते... डाव्या हाताने. एकेक घास नीट कालवून, बोटांच्या टोकांनी उचलून. नव्याने शिकणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही. या धंद्यात मी असे हात रोज बघते. तो हात सवयीचा होता.

मी तोंड उघडणार तोच क्लाराने मला डोळ्यांनीच गप्प केलं. ताट स्वच्छ झालं तेव्हा माझेच डोळे भरून आले होते.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"आंटींनी," ती सहज म्हणाली. "त्यांनी हातानेच दाखवलं. पाट कुठे, डबा कुठे, ताट कुठल्या बाजूला. दोघींनी धरून काकांना आत नेलं."

कुणी शेजारीण आधीपासून स्वयंपाकघरात असेल, मला दाराआड दिसली नसेल, असं मी समजले. विषय संपला.

संध्याकाळी तिचा रिपोर्ट तपासायला घेतला. 'माहिती कोणी दिली' या रकान्यात तिने लिहिलं होतं – पत्नी. मी उखडलेच. "अगं, काकांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली! फॉर्ममध्ये वाट्टेल ते काय लिहितेस? खोड ते."

ती गोरीमोरी झाली. "मला वाटलं पत्नीच असणार. त्या घरच्यासारख्या वावरत होत्या."

"चेहरा कसा होता?"

"नीट दिसला नाही. डोक्यावरून पदर होता. आणि काका जेवायला लागल्यावर त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या." रिपोर्टच्या मागे तिने सगळ्या मांडणीचं चित्र काढलं होतं. भिंत, पाट, डबा, ताट. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, बाहेर तोंड करून बसलेली एक बाई.

मी आत आले तेव्हा उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला वाटलं पोरीने माझा नियम मोडायला ही आंटी रचली. स्वतः डावखुरी, काकांचा हात तिने ओळखला असेल. त्याचा छडा लावायचा म्हणूनच दुसऱ्या दिवशी तिला घेऊन लक्ष्मीकडे गेले. चित्र पुढे केलं आणि विचारलं, "काल कुठली शेजारीण आली होती गं?"

लक्ष्मी चित्राकडे बघतच राहिली. मग तिने उंबऱ्यावरच्या बाईवर बोट ठेवलं.

"ही अम्मा हाय," ती म्हणाली. "मॅडम, नान्ना जेवायला बसले की अम्मा अशीच बसायची उंबऱ्यावर. पाठ करून. कुणाला आत सोडायची न्हाई... आमाला पोरांना पण. आमी म्हणायचो, अम्मा वाऱ्याला बसते. नान्ना दुपारी काम टाकून घरीच यायचे जेवायला. लग्नाकार्यात तर दोन घास खाऊन उठायचे, पोट बरं न्हाई म्हणायचे. अम्मा गेल्यावर मी बिड्या द्यायला गेले की एकटेच जेवून घ्यायचे." तिने बापाकडे बघितलं. "हे तुमाला कुणी सांगितलं? मी तर न्हाई सांगितलं की."

मी काकांसमोर बसले. जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "काका, तुम्ही डावखुरे आहात का?"

काकांनी उंबऱ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि लहान पोरासारखे रडले. लक्ष्मीने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि तीही रडली.

तिने गावी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, हो, लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून आमची आई त्याचा हात सुताने खाटेला बांधायची. मग सुटली ती सवय. सुटली नव्हती. बायकोने ती उंबऱ्यावर बसून झाकली होती, आणि मरेपर्यंत पोटच्या मुलीलाही कळू दिलं नव्हतं.

नळी लागली नाही. महिन्याभरात काकांना सदरा अंगाबरोबर बसायला लागला.

क्लारा जायच्या आधी लक्ष्मीने आम्हाला जेवायला बोलावलं. क्लारा माझ्या नियमाप्रमाणे उजवा हात ताटात घालणार, तोच काकांनी तिचा डावा हात धरून ताटावर ठेवला. दोघं शेजारी शेजारी बसून डाव्या हाताने जेवले. लक्ष्मी वाढून झाल्यावर उंबऱ्यावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तरी ती बसली.

मी खूप डोकं चालवलं. हात क्लाराने ओळखला असेल, मान्य. पण पाट, डबा, भिंतीकडे तोंड? आणि तो उंबरा? मी अजूनही दाराला काही टांगत नाही.

शेवटच्या दिवशी काकांच्या केसचा क्लाराचा रिपोर्ट, माझ्या फॉर्मसकट, सहीला आला. प्रमुख हाताच्या रकान्यातली माझी टिक मी स्वतः खोडून 'डावा' केलं. 'माहिती कोणी दिली' तिथे तिने अजून 'पत्नी'च ठेवलं होतं... मी ओरडूनही खोडलं नव्हतं. मी खोडायला पेन उचललं. मग ते तसंच ठेवून खाली सही केली.